खेळाच्या बातम्यांचं करिअर : सुरुवात शाळेच्या मैदानावर



"सर, मला टीव्हीवर खेळाच्या बातम्या द्यायच्यात," असं एखादा विद्यार्थी म्हणाला, तर "आधी अभ्यास कर" म्हणून त्याला गप्प बसवू नका. हाही अभ्यासच आहे.

व्हिडिओ पत्रकाराला अनेकदा चित्रीकरण, मुलाखत आणि संपादन एकट्यालाच करावं लागतं. शाळेतला खो-खोचा सामना मुलांना मोबाईलवर टिपायला द्या. मोबाईल आडवा धरायचा, प्रत्येक दृश्य 10 सेकंद स्थिर ठेवायचं. आधी पूर्ण मैदान, मग खेळाडू, मग चेहरा. पळती करणारे तिघांच्या तुकडीने उतरतात, हे ठाऊक नसेल तर कॅमेरा कुठे वळवायचा तेच कळत नाही. म्हणून खेळाचे नियम आधी. वाऱ्यात आवाज फाटतो, मुलाखत आडोशाला घ्यावी.

गुण आणि नावं दोनदा तपासायला लावा. हरलेल्या संघाशीही बोलायला सांगा. रडणाऱ्या खेळाडूचा चेहरा दाखवायचा का, हे वर्गात विचारा. कॅमेरा लवकर हातात बसतो; हा विवेक यायला वेळ लागतो.

पालकांनो, पदवी कोणत्याही शाखेची चालते. पुढे पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी पत्रकारिता शिकता येते. कामाच्या वेळा अनिश्चित, सुरुवातीचा पगार बेताचा, हे मुलांना स्पष्ट सांगा. पण अडवू नका.