जुना संगणक आणि नवी कार्यप्रणाली

इंदूरहून धारकडे जाणाऱ्या मार्गावर बेटमा हे गाव आहे. परमार राजा भोज याचा विक्रम संवत १०७६ मधील ताम्रपट येथे मिळाला. सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचा हा लेख आजही वाचता येतो. याउलट, दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या संगणकातील नोंदी उद्या वाचता येतील किंवा नाही, असा प्रश्न आज लहान शाळा, दुकाने व कुटुंबे यांच्यापुढे उभा राहिला आहे.

या प्रश्नाचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. संगणकाची सर्व यंत्रणा ज्या आज्ञावलीच्या आधारे चालते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम अथवा कार्यप्रणाली म्हणतात. २०१५ साली आलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाला. त्यामुळे संगणक बंद पडत नाही. परंतु नव्याने आढळणारे सुरक्षेतील दोष दुरुस्त होणे थांबते. इंटरनेटवरून बँकेचे व्यवहार करणाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे.

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, मान्य सूचीतील प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक आहे. कित्येक संगणकांत ही सुविधा असते, पण बायॉसमध्ये ती बंद ठेवलेली असते. म्हणून यंत्र अपात्र ठरविण्यापूर्वी याची खात्री करून घ्यावी. अटी चुकवून विंडोज ११ बसविता येते. तथापि अशा यंत्रांना पुढील सुधारणा मिळण्याची हमी नसते.

दुसरा मार्ग लिनक्सचा. लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली ४ जीबी रॅमवर समाधानकारक चालते. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय कार्यप्रणालीही याच कुळातील आहे. या प्रणाली विनामूल्य मिळतात. लिनक्स मिंट तर पेनड्राइव्हवरून, मूळ डिस्कला धक्का न लावता, प्रथम चालवून पाहता येते. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यास यंत्राचा वेगही पुष्कळ वाढतो. मात्र हिशेबाची काही सॉफ्टवेअर केवळ विंडोजवरच चालतात, हे ध्यानात ठेवावे.

मराठी वापरणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घेतली पाहिजे. पूर्वीचे पुष्कळसे मराठी लेखन युनिकोडमध्ये नसून विशिष्ट फाँटमध्ये केलेले असते. नव्या प्रणालीत तो फाँट नसेल, तर शाळेचा दाखला वा सभेचा वृत्तांत निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसू लागतो. यासाठी कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा :

(१) सर्व नोंदींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी व ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.
(२) जुन्या फाँटमधील महत्त्वाचे लेखन युनिकोडमध्ये रूपांतरित करून मूळ प्रतीशी ताडून पाहावे.
(३) प्रिंटर, स्कॅनर व नित्याची सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालतात काय, हे तपासावे.
(४) त्यानंतरच जुनी प्रणाली काढावी.

यंत्र बदलता येते, कार्यप्रणालीही बदलता येते. हरवलेली नोंद मात्र पुन्हा मिळत नाही. म्हणून आधी नोंदींचे रक्षण आणि मग यंत्राचे नूतनीकरण, हाच क्रम सर्वांच्या हिताचा ठरेल.