मोसम, मौसम आणि मान्सून

आपल्या कापड धंद्यात ‘मोसम’ हा शब्द रोजचा आहे. लग्नसराईचा मोसम, दिवाळीचा मोसम, ईदचा मोसम. आम्ही उर्दू शाळेत ‘मौसम’ शिकलो. तेथे ऋतू आणि हवामान हे दोन्ही अर्थ होते. रेडिओवर ‘मान्सून’ ऐकतो. हे तिन्ही शब्द मुळात एकच आहेत, हे पुष्कळ व्यापारी बांधवांना ठाऊक नसते.

मूळ अरबी शब्द ‘मौसिम’. ‘वस्म’ म्हणजे जनावराला मालकीसाठी दिलेला डाग. आपण गाठीवर मार्का मारतो तसा. त्यावरून ‘मौसिम’ म्हणजे खूण करून ठरवलेली वेळ, मग ती हजची असो की बाजाराची. वाऱ्याशी त्याचा संबंध नव्हता.

तो संबंध दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी जोडला. अरबी समुद्रात जून ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून वाहतो, हिवाळ्यात उलटा ईशान्येकडून. शिडाच्या जहाजांचे जाणे-येणे याच वाऱ्यांवर चाले. ऐन पावसाळ्यात समुद्र खवळला की चौल, दाभोळसारखी बंदरे थंडावत. म्हणून जहाज सोडण्याच्या वेळेला ‘मौसिम’ म्हणू लागले. पोर्तुगीजांनी शब्द उचलला, त्यांच्याकडून तो इंग्रजीत ‘मान्सून’ होऊन गेला. वेळेचे नाव वाऱ्याला चिकटले, आणि आपल्याकडे तर पावसालाच! सर्वसाधारण हवेसाठी मात्र उर्दू-हिंदीत ‘मौसम’च राहिला. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे हिंदी नाव ‘मौसम विज्ञान विभाग’ असेच आहे.

यात धंद्याचा धडा आहे. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून दरवर्षी १०-११ दिवस मागे सरकते. वारा मात्र सूर्याच्या हिशेबाने येतो. पंधराव्या शतकातील थोर नाखुदा इब्न माजिद याने जहाज सोडण्याच्या वेळा नौरोजपासूनचे दिवस मोजून दिल्या आहेत. रोजे-ईद चांदावर, गलबत सूर्यावर, असे दोन हिशेब ते लोक नीट सांभाळत.

आपणही तसेच करावे. रमजान ईद २०१८ साली १६ जूनला, पावसाच्या तोंडावर आली. २०२५ साली ३१ मार्चला, उन्हाळ्यात. २०३० च्या सुमारास ती फेब्रुवारीत, थंडीत येईल. त्या वेळी उसाची बिले व लग्नसराईही असते. मागच्या ईदचा माल पुढच्या ईदला चालेलच असे नाही. २०१९ साली बकरी ईद १२ ऑगस्टला होती, आणि त्याच सुमारास कोल्हापूर-शिरोळ महापुरात होते.

म्हणून इचलकरंजीला मागणी नोंदवताना दोन्ही कॅलेंडरे समोर ठेवा. ईद पावसाळ्यात येत असेल तर माल मे अखेर आणा, तळघरात ठेवू नका. आणि उधारीच्या वहीत ‘ईदनंतर’ असे न लिहिता तारीख लिहा.