कर्जापायीं जमिनीचा लिलाव : शेतकऱ्यानें काय जाणावें

कर्ज काढतांना शेतकरी दहा जणांचा सल्ला घेतो. परंतु जप्तीची नोटीस घरीं आली म्हणजे ती शेजाऱ्याच्या दृष्टीस पडूं नये म्हणून पेटींत दडवून ठेवतो. ही लाज समजण्यासारखी आहे. तथापि लिलावाच्या बाबतींत मालकाचें मौन हेंच त्याच्या नुकसानीचें मोठें कारण होतें, असें आमचें मत आहे. कायद्यानें प्रत्येक पायरीवर मालकास कांहीं ना कांहीं हक्क दिला आहे. मात्र प्रत्येक हक्कास मुदत आहे, आणि मुदत गेली म्हणजे हक्कही जातो. या लेखांत मुख्यतः महाराष्ट्रांतील सहकारी संस्थेच्या वसुलीसाठीं होणाऱ्या लिलावाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. गेल्या शतकाच्याही मागील शतकांत सावकार दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा मिळवी, कुणब्याची जमीन विक्रीस काढी, आणि दुसरा कोणी बोलीस उभा न राहिल्यानें तीच जमीन अल्प किंमतींत स्वतः घेई. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें जो दंगा झाला व पुढें आसपासच्या गांवीं पसरला, त्यांत लोकांचा रोख सावकारांच्या दस्तऐवजांवर होता, याचें कारण हेंच. पुढें १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कायदा झाला, आणि जी जमीन खास गहाण दिलेली नाहीं ती साध्या पैशाच्या हुकूमनाम्यांत विकतां येऊं नये, असें ठरलें. तो कायदा आज अंमलांत नाहीं. परंतु त्याची शिकवण जुनी झालेली नाहीं. ज्या लिलावास बोलणारा एकच, त्या लिलावांत किंमत ठरत नाहीं. मालकी मात्र जाते.

आतां आजची रीत पाहूं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० याच्या कलम १०१ अन्वयें निबंधक थकबाकीची चौकशी करून वसुली दाखला देतो. कलम १५६ व १९६१ च्या नियमांतील नियम १०७ यांप्रमाणें वसुली अधिकारी जप्ती व विक्री करतो. येथें पहिली गोष्ट ध्यानांत ठेवावी. व्याज चुकीचें लावलें, भरलेला हप्ता जमा धरला नाहीं, अशी हिशेबाची तक्रार असेल तर ती दाखला निघण्यापूर्वीं, चौकशीच्या वेळींच, पावत्यांसह लेखी द्यावी. एकदां दाखला निघाला म्हणजे त्याविरुद्ध फेरतपासणीचा अर्ज करण्यास वसूल होणाऱ्या रकमेच्या निम्मी रक्कम आधीं भरावी लागते. ज्याच्याजवळ निम्मी रक्कम असती त्याचेवर ही वेळच बहुधा आली नसती. म्हणून चौकशीची नोटीस ही सर्व नोटिशींत अधिक मोलाची समजावी.

दुसरी पायरी जाहीरनाम्याची. विक्रीचा जाहीरनामा वसुली अधिकाऱ्याच्या व तालुक्याच्या कचेरींत विक्रीच्या तारखेपूर्वीं निदान तीस दिवस लावला पाहिजे. शिवाय विक्रीच्या आधीं लागोपाठ दोन दिवस, आणि विक्रीच्या दिवशीं लिलाव सुरू होण्यापूर्वीं, गांवांत दवंडी पिटली पाहिजे. हा केवळ उपचार नव्हे. दवंडी ऐकूनच बोली बोलणारे जमतात, आणि बोली बोलणाऱ्यांच्या संख्येवर किंमत अवलंबून असते. मालकानें स्वतः कचेरींत जाऊन जाहीरनामा पाहावा. गट नंबर, क्षेत्र, आकार, विहीर, झाडें, जलवाहिनी यांचा उल्लेख बरोबर आहे कीं नाहीं हें सातबाऱ्याशीं ताडून घ्यावें. बागाईत जमीन जिराईत म्हणून लिहिली गेली तर बोलीही जिराईताचीच होईल. चूक दिसल्यास त्याच दिवशीं लेखी हरकत देऊन पोंच घ्यावी. विक्रीच्या ठरलेल्या तारखेपूर्वीं सर्व रक्कम व्याज व खर्चासह भरल्यास जप्ती उठते, हेंही विसरूं नये.

तिसरी पायरी प्रत्यक्ष लिलावाची. सर्वांत अधिक बोली बोलणारास खरेदीच्या वेळींच किंमतीच्या शेंकडा १५ रक्कम भरावी लागते, आणि बाकीची विक्रीच्या तारखेपासून पंधरा दिवसांत. पहिली रक्कम न भरल्यास जमीन पुन्हा विक्रीस निघते.

चौथी पायरी सर्वांत कमी माहितीची, आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाची. हातोडा पडला म्हणजे सर्व संपलें, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. विक्रीच्या तारखेपासून तीस दिवसांत मालकास दोन मार्ग मोकळे असतात. पहिला, जाहीरनाम्यांतील थकबाकी व्याज व खर्चासह, आणि खरेदीदारासाठीं किंमतीच्या शेंकडा ५ इतकी रक्कम, भरून विक्री रद्द करवून घेणें. दुसरा, विक्रीच्या प्रसिद्धींत वा चालविण्यांत महत्त्वाची अनियमितता, चूक वा लबाडी झाली व त्यामुळें आपलें मोठें नुकसान झालें, असें दाखवून ती रद्द करण्याचा अर्ज करणें. एकाच वेळीं दोन्ही मार्गांनीं चालतां येत नाहीं. म्हणून जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन एक निवडावा.

समजा, व्याज व खर्च धरून थकबाकी ४ लाख रुपये आहे, आणि लिलावांत जमीन १० लाखांस गेली. खरेदीदारानें तेथेंच दीड लाख भरले. बाकी साडेआठ लाख पंधरा दिवसांत भरावयाचे. मालकास जमीन राखावयाची असेल तर ४ लाख व खरेदीदाराचे ५० हजार, म्हणजे साडेचार लाख, तीस दिवसांत उभे केले पाहिजेत. भावाबहिणींनीं, सोयऱ्यांनीं मिळून ही रक्कम उभी केल्यास दहा लाखांची जमीन घरांत राहते. तें न साधलें, तरी दुसरा बोजा नसल्यास वरची ६ लाखांची शिल्लक मालकाची आहे. ती संस्थेची कृपा नव्हे; तिची लेखी मागणी करावी व हिशेब मागून घ्यावा.

किती जमीन विकावी हाही प्रश्न आहे. दिवाणी कोर्टाच्या विक्रींत देणें भागण्यापुरताच भाग विकावा, असा दंडक आहे. सर्वोच्च न्यायालयानें १९८९ मध्यें एका प्रकरणांत, सुमारें २,४०० रुपयांच्या वसुलीसाठीं दहा एकर जमीन १७,००० रुपयांस विकल्याची विक्री याच कारणास्तव रद्द केली. तेव्हां दोन एकरांत देणें भागत असेल तर तसा अर्ज मालकानें आधींच द्यावा, आणि कोणता तुकडा विकावा हें स्वतःच सुचवावें.

इतर धनकोंविषयीं थोडक्यांत. बँकांस कोर्टाबाहेर तारण विकण्याचा अधिकार देणारा २००२ चा जो कायदा व्यवहारांत सरफेसी म्हणून ओळखला जातो, तो त्याच्या कलम ३१ अन्वयें शेतजमिनीस लागू नाहीं. परंतु केवळ दप्तरीं शेतजमीन अशी नोंद पुरत नाहीं. ती प्रत्यक्ष शेतीकडे असली पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें सांगितलें आहे. घर, गोदाम वा बिनशेती भूखंड तारण असल्यास मात्र साठ दिवसांच्या मागणी नोटिशीचें उत्तर लगेच द्यावें. ट्रॅक्टर ओढून नेण्यास दांडगे पाठविण्याचा हक्क कोणत्याही बँकेस नाहीं, हेंही त्याच न्यायालयानें २००७ मध्यें स्पष्ट केलें. दिवाणी हुकूमनाम्यांत शेतकऱ्याचीं अवजारें, आवश्यक बैल व बियाणें जप्त होत नाहींत. तथापि जें यंत्र तारण म्हणून लिहून दिलें आहे त्यास हें संरक्षण आहे असें धरून चालूं नये.

शेवटीं, जे वाचक बोलीस उभे राहतात त्यांच्याशीं दोन शब्द. पश्चिम महाराष्ट्रांत १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणें, परवानगीच्या अपवादाखेरीज, शेतजमीन बिगरशेतकऱ्यास विकतां येत नाहीं. लिलावांतील विक्रीही त्यांत आली. याचा अर्थ असा कीं, अशा लिलावाचे ग्राहक बहुतेक शेतकरीच असतात. किंमत ठरते ती आपल्याच तोंडून. चार जणांनीं आधीं संगनमत करून एकासच बोलूं दिलें, तर १८७५ पूर्वींचा सावकार पुन्हा उभा राहिला, एवढाच भेद कीं तो आतां आपल्याच बांधाला लागून राहतो. अशी खरेदी लबाडीच्या कारणास्तव उलटूं शकते, आणि गांवांतील वैर पिढ्यांपिढ्या उरतें तें वेगळेंच. जमीन घ्यावयाची असेल तर सातबारा, फेरफार व बोजे तपासून, मोजणी पाहून, वाजवी बोली बोलून घ्यावी.

तात्पर्य, नोटीस पेटींत ठेवूं नये. ज्या दिवशीं ती येईल त्याच दिवशीं तिच्यावर तारीख घालावी, मुदत कधीं संपते तें भिंतीवरील दिनदर्शिकेंत खूण करून ठेवावें, आणि घरांतील मंडळींस बोलावून ती मोठ्यानें वाचावी.