पाण्यात राहून माशाशी वैर नको : खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील सोबत्यांची निवड

माझ्या दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात साडेतीन फुटांची खाऱ्या पाण्याची काचपेटी आहे. लस टोचून घेण्याच्या भीतीने रडणारे मूल तिच्यापुढे उभे राहिले की क्षणभर तरी शांत होते. काही वर्षांपूर्वी एका सोमवारी पाच वर्षांच्या एका मुलीने विचारले, "डॉक्टरकाका, पाठीवर पांढरी रेघ असलेली ती कोळंबी कुठे गेली?" उत्तर देताना मी ओशाळलो. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले म्हणून शनिवारी मी पेटीत ताम्रयुक्त औषध घातले होते. मासे वाचले, पण दोन्ही कोळंब्या आणि सगळे शंख मेले. आयुष्यभर मुलांच्या औषधाची मात्रा वजनावर मोजणाऱ्या माणसाने, त्याच पाण्यात आणखी कोण राहते, हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. त्या चुकीतून जे शिकलो, ते हौशी व्यवसायबंधूंसाठी येथे मांडतो.

१) प्रथम घर, मग पाहुणे : नव्या पेटीत मासे लगेच सोडू नयेत. विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू खडकांवर व वाळूत स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. वडोदऱ्याच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्याने आर. ओ. पाण्यातच समुद्री मीठ मिसळावे व विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास ठेवावे. पाणी आटले, तर भर गोड्या पाण्याची घालावी. मीठ उडून जात नाही. तापमान २४ ते २७ अंश हवे. आपल्याकडील मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडत असल्याने पाणी थंड करणारे यंत्र येथे चैन नसून गरज आहे.

२) कोण कोणाचे अन्न : ही पहिली कसोटी. लायनफिश देखणा खरा, पण तोंडात मावेल तो मासा व कोळंबी तो गिळतो. त्याचे काटेही विषारी असतात. काटा लागल्यास तो भाग, भाजणार नाही अशा बेताने, सुमारे ४० ते ४५ अंशांच्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा. ट्रिगरफिश शंख-खेकडे फोडून खातो. अनेक फुलपाखरी मासे प्रवाळांचे जिवंत पुंजके कुरतडतात. हर्मिट क्रॅब शेवाळ साफ करतो, पण नवे कवच हवे झाले की शंखातल्या जिवाचा बळी घेतो. म्हणून पेटीत थोडे रिकामे शंख टाकून ठेवावेत.

३) कोणाचे कोणाशी पटते : 'निमो' म्हणून मुलांना ठाऊक असलेला क्लाउनफिश नवशिक्यास उत्तम. या जातीत सर्व पिले प्रथम नर असतात व जोडीतील वरचढ मासा मादी होतो. म्हणून दोन लहान मासे एकत्र आणावेत. तिसऱ्याला बहुधा हाल सोसावे लागतात. समुद्रफूल नसले तरी त्याचे अडत नाही. गोबी मासा व पिस्तूल कोळंबी यांचा संसार पाहण्यासारखा : जवळजवळ आंधळी कोळंबी बीळ खणते आणि मासा पहारा देतो. डॅमसेल दिसायला चिमुकला, पण हद्दीसाठी भांडणारा. आणायचाच तर सर्वांत शेवटी. सर्जनफिशला माझ्या पेटीएवढी जागा पुरत नाही. मँडरिन तर सूक्ष्म जीव पुरेसे नसतील तर डोळ्यांदेखत उपाशी मरतो. तो घेऊ नये.

४) विलगीकरण : आपण रुग्णांना सांगतो, तेच येथे. नवा मासा चार आठवडे तरी वेगळ्या साध्या टाकीत ठेवावा आणि औषध तेथेच द्यावे. कोळंबीच्या रक्तातील प्राणवायूवाहक द्रव्यातच तांबे असते; तरीही पाण्यातील मुक्त तांबे तिला मारक ठरते. शिवाय ते खडक-वाळूत शोषले जाऊन पुढे हळूहळू सुटत राहते. म्हणून मला सगळे खडक व वाळू बदलावी लागली.

५) कायदा व विवेक : खडकी प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे व समुद्रकाकड्या यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. कोणी विक्रेता 'चोरून' देतो म्हणाला, तरी नको म्हणावे. घरी कोरडे वा कृत्रिम खडक आणि प्रजननकेंद्रात वाढवलेले मासे पुरेसे आहेत; केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र आपल्या देशातच विकसित केले आहे. खरे प्रवाळ पाहायचे असतील तर जामनगरजवळ १९८२ साली स्थापन झालेले, देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान आपल्याच राज्यात आहे. तेथे नराऱ्याला ओहोटीच्या वेळी वाटाड्यासोबत पाण्यातून चालत जाऊन प्रवाळ पाहता येतात. मुलांना जरूर न्यावे. काहीही उचलू मात्र देऊ नये.

आज माझ्या पेटीत दोन क्लाउनफिश, एक गोबी, एक पिस्तूल कोळंबी, एक सफाई करणारी कोळंबी आणि काही शंख आहेत. जागा अजून आहे, पण भर घालण्याचा मोह मी आवरतो. ती मुलगी आता उंच झाली आहे. गेल्या वेळी धाकट्या भावाला घेऊन आली, तेव्हा तिने आधी पेटीपाशी जाऊन कोळंबी आहे ना, याची खात्री केली आणि मगच ती खुर्चीत बसली. व्यक्ती तितक्या प्रकृती, हे आपण रुग्णांबाबत जाणतोच. एकाच पाण्यात राहणाऱ्यांच्या प्रकृती आधी विचारून घ्याव्यात, एवढेच या छंदाने मला शिकवले.