जीवनसत्त्वांच्या गोळ्या : पुराव्याचे तारतम्य

चरकाचार्यांनी परीक्षेचे आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती असे चार प्रकार सांगितले आहेत. औषधदुकानात रोज खपणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनाही हीच कसोटी लावावयास हवी.

प्रथम सिद्ध उपयोग पाहू. मज्जानलिकेचा दोष असलेले अपत्य पूर्वी झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या सुमारास रोज ४ मि.ग्रॅ. फॉलिक आम्ल दिल्यास पुनरावृत्तीचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दिसले.

आता केवळ अनुमानाची फसगत पाहा. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळे. त्यावरून बीटा-कॅरोटिन हितकर मानले गेले. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ च्या निष्कर्षानुसार रोज २० मि.ग्रॅ. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. आहारातील द्रव्य आणि त्यातून वेगळा काढलेला घटक यांचे कर्म एकच असते असे नाही.

अमेरिकेतील २५,८७१ व्यक्तींच्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज २००० युनिट ‘ड’ जीवनसत्त्वाने कर्करोग वा हृद्रोगाचे प्रमाण घटले नाही. मात्र हे लोक कमतरता पाहून निवडलेले नव्हते. म्हणून हा निष्कर्ष मुडदूस वा अस्थिमार्दवाच्या रुग्णास लावू नये.

येथे स्वतःची चूक नमूद करतो. पायांस मुंग्या येणाऱ्या एका शाकाहारी प्रौढ रुग्णेस मी दोन महिने केवळ वातशामक चिकित्सा दिली. ती लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेत होती. हिमोग्लोबिन सुधारल्याने मी निश्चिंत राहिलो. पुढे तपासणीत बी-१२ अत्यल्प निघाले. फॉलिक आम्लाने रक्त सुधारते, परंतु बी-१२ अभावी होणारी मज्जातंतूंची हानी चालूच राहते. बी-१२ सुरू झाल्यावर तिला बराच आराम पडला, तथापि तळव्यांची बधिरता पूर्णतः गेली नाही.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींनी व औषधविक्रेत्यांनी गोळी देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : कमतरता सिद्ध आहे काय? चाचणी अशाच रुग्णांवर, याच मात्रेत झाली आहे काय? लाभ रुग्णाच्या प्रकृतीत दिसला की केवळ रक्ताच्या अहवालात? शाकाहारी, वृद्ध व दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ ची शंका अवश्य घ्यावी. धूम्रपान करणाऱ्यास बीटा-कॅरोटिनची गोळी देऊ नये. आपल्या योगांनाही हेच प्रश्न विचारले, तर शास्त्राचे तेज वाढेलच.