शाळेची सूचना व दूरध्वनीवरील निरोप

शेतीच्या मासिकात सूचनापत्रांविषयी लिहावे, हे काही वाचकांस विषयाबाहेरचे वाटेल. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालकवर्गातून घ्यावयाचे ठरविले, तेव्हापासून शाळेच्या फळ्यावरील सूचना ही एकट्या हेडमास्तरांची बाब उरलेली नाही. पाणीवापर संस्था, विकास सोसायटी, दूध संस्था यांचे कागदही बहुधा याच मंडळींच्या हातून निघतात. कागद संदिग्ध असला म्हणजे नुकसान होते ते लिहिणाराचे नव्हे, वाचणाराचे. म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

पुढील मजकूर कोणत्याही गावच्या फळ्यावर शोभेल असा आहे : “सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, शिष्यवृत्तीसंबंधी आवश्यक त्या कागदपत्रांची पूर्तता परवापर्यंत करावी, अन्यथा शाळा जबाबदार राहणार नाही.” यात भाषेची चूक एकही नाही, परंतु उपयोगी शब्दही जवळजवळ नाही. संबंधित कोण, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. कागदपत्रे कोणती, हे विचारावयास पुन्हा शाळेत जावयाचे. ‘परवा’ हा शब्द तर आपल्या भाषेत मागेही चालतो व पुढेही. त्यात सूचनेवर तारीख नसेल, तर सोमवारी वाचणाराचा परवा निराळा आणि मंगळवारी वाचणाराचा निराळा. शेवटले वाक्य तेवढे स्वच्छ आहे, व ते शाळेच्या बचावाचे आहे.

पाथर्डी-शेवगावकडील एखादा बाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडावयाच्या तयारीत असतो. उत्पन्नाचा दाखला काढावयाचा म्हणजे तलाठी, मग तालुक्याचे गाव, आणि दोन दिवसांची मजुरी बुडणार. त्याला शाळेत एक जादा हेलपाटा पडला तर तो बहुधा हेलपाटाच टाकतो व शिष्यवृत्तीही जाते. त्याच्यासाठी तीच सूचना आम्ही अशी लिहू :

“इयत्ता ५ वी ते ७ वीच्या पालकांस. शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत दोन कागद द्यावेत : उत्पन्नाचा दाखला व मुलाच्या बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची नक्कल. शेवटचा दिवस शुक्रवार, ता. १० जुलै २०२६, दुपारी ४ वाजेपर्यंत. कागद शाळेच्या कचेरीत घेतले जातील. मुख्याध्यापक, ता. २९ जून २०२६.”

कोणासाठी, हे आरंभीच आले. ज्याचा संबंध नाही तो तेथूनच मोकळा झाला. वार व तारीख दोन्ही घातली, कारण एक दुसऱ्याचा पहारेकरी असतो : तारीख चुकली तर वार जुळत नाही, आणि वाचणारा विचारावयास येतो. “बाजारच्या दिवशी सभा” असे लिहिण्याची चाल मात्र सोडून द्यावी. काष्टीस तो शनिवार, लोणीस तो बुधवार. आणि दोन बाजारांच्या मधल्या गावात कोणता बाजार धरावयाचा? शिवाय बाजारच्या दिवशी सभा बोलावून गणपूर्तीची अपेक्षा करणे हेच आम्हांस धाडसाचे वाटते.

आता निरोपाकडे वळू. तारेला शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे अडाणी माणूसही शब्द तोलून देत असे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. दूरध्वनीवर बोलणे स्वस्त; म्हणून बोलणे पुष्कळ व निरोप थोडा, अशी स्थिती आहे. खुशाली विचारण्यात पाच मिनिटे जातात आणि मुख्य गोष्ट “बरं, सांगा तेवढं” एवढ्यावर उरकते.

पाटाच्या पाण्याचे उदाहरण घ्या. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यापाशी येते व तेथून डाव्या-उजव्या कालव्यांनी पुढे जाते. शेजपाळीने ज्याची त्याची वेळ ठरलेली. पाटकऱ्याचा फोन घरी येतो, कर्ता माणूस मळ्यात असतो, आणि निरोप घेते शाळेतली मुलगी. “तुमची पाळी शुक्रवारी रात्री बारा वाजता.” ही गुरुवारची रात्र संपताना, की शुक्रवारची? चोवीस तासांचा फरक पडतो, आणि तेवढ्यात पाणी पुढच्या शेतात गेलेले असते. “गुरुवारी रात्र उलटून शुक्रवार लागताना” असे म्हटले की वाद उरत नाही.

गावाचे नाव सांगताना तालुका जोडावा. वडगाव म्हटले तर संगमनेरात वडगाव पान, नगर तालुक्यात वडगाव गुप्ता, पारनेरात वडगाव सावताळ. टाकळ्यांचीही तीच गत. आकडे तर सुटे सुटेच सांगावेत. गट नंबर ‘एकोणसाठ’ सांगितला व ओळीच्या खरखरीत आरंभ गिळला गेला की ऐकणारास ‘साठ’ ऐकू येते. आणि साठ हा बहुधा शेजाऱ्याचा गट निघतो! ‘त्रेपन्न’ व ‘त्रेसष्ट’, ‘सत्तावीस’ व ‘सदतीस’ यांचेही असेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. वर्गात कोणती रीत असावी हे शिक्षकांनी ठरवावे. दूरध्वनीवर मात्र ‘पाच, नऊ’ यापरते सोयीचे काही नाही.

निरोप घेणाराकडून तो परत म्हणवून घ्यावा. पुष्कळांस हे अपमानाचे वाटते, विशेषतः घेणारा वयाने मोठा असला म्हणजे. अशा वेळी “काका, मी नीट सांगितलं का, एकदा म्हणून दाखवता?” असे विचारावे, दोष आपल्याकडे घेतला की कोणी रागावत नाही. मुलांना घरी एवढे शिकवावे की, कोणाचा फोन, कोणासाठी, काय व केव्हा, हे ऐकताऐकताच पाटीवर किंवा वहीत उतरवावे. मागाहून आठवून नव्हे.

हल्ली शाळेच्या सूचना व्हॉट्सॲपवरूनही येतात. त्यांचा मोठा दोष असा की त्या मरत नाहीत. “पावसामुळे उद्या शाळेस सुटी” हा मजकूर तारखेवाचून लिहिला, तर तो पुढल्या पावसाळ्यात पुन्हा गावभर फिरतो. म्हणून तारीख मजकुराच्या आतच हवी. वर यंत्राने घातलेली तारीख दुसऱ्याने पुढे पाठविताना बदलून जाते. आवाजी निरोपातही आरंभी तारीख बोलावी. सूचना बदलावयाची झाल्यास “ता. २९ जूनची सूचना रद्द” असे नव्या सूचनेच्या पहिल्या ओळीत लिहून फळ्यावरचा जुना कागद त्याच वेळी काढून घ्यावा, आणि ज्या घरी फोन नाही अशा पालकांकडे मुलांच्या हाती लेखी चिठ्ठी द्यावी.