सर्व्हरलेसचं बिल: कुठे वाचतं, कुठे फुगतं

'वापराल तेवढेच पैसे' हे सर्व्हरलेसचं, म्हणजे सर्व्हर न सांभाळता कोड चालवून देणाऱ्या सेवांचं, आश्वासन खोटं नाही. पण कशाकशाचा वापर मोजला जातो, ते आधी बघून घ्या. ॲमेझॉनने २०१४मध्ये आणलेली लॅम्डा ही यातली चांगली रुळलेली सेवा, म्हणून हिशेब तिचाच मांडू. तिच्यावर चालणाऱ्या तुमच्या कोडच्या तुकड्याला फंक्शन म्हणतात. दर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागाचे आहेत. मुंबई विभागात काही बाबी महाग पडतात, शिवाय वर १८ टक्के जीएसटी.

मीटर कसा पडतो?
१० लाख रिक्वेस्टना २० सेंट. त्याखेरीज मेमरी गुणिले वेळ: १ जीबी मेमरी ६० हजार सेकंद वापरली की १ डॉलर. वेळ मिलिसेकंदात मोजतात. दरमहा पहिल्या १० लाख रिक्वेस्ट आणि ४ लाख जीबी-सेकंद फुकट.

एखाद्या क्लासच्या प्रवेश-नोंदणीला महिन्याला १ लाख रिक्वेस्ट येतात, प्रत्येकीला ५१२ एमबी मेमरी आणि २०० मिलिसेकंद लागतात, असं धरा. हे होतात १० हजार जीबी-सेकंद. लॅम्डाचं बिल शून्य.

आता हेच ॲप जोरात चाललं आणि रिक्वेस्ट ३ कोटींवर गेल्या. मोफत कोटा वजा करून लॅम्डाचे होतात सुमारे ४९ डॉलर. मग छुपा खर्च कुठला?

फंक्शनच्या आजूबाजूचा खर्च
• एपीआय गेटवे (बाहेरची रिक्वेस्ट फंक्शनपर्यंत पोचवणारं दार): रेस्ट प्रकार घेतलात तर १० लाखांना साडेतीन डॉलर, म्हणजे ३ कोटींना १०५. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! साधा एचटीटीपी प्रकार पुरत असेल तर हेच काम ३० डॉलरमध्ये होतं.
• लॉग: जीबीमागे अर्धा डॉलर. प्रत्येक रिक्वेस्टने २ केबी लिहिलं तरी ६० जीबी होतात. मुदत घातली नाही तर जुने लॉग कायम साठतात आणि साठवणुकीचे पैसे वेगळे.
• नॅट गेटवे: फंक्शन खासगी नेटवर्कमध्ये ठेवून त्याला इंटरनेट हवं असेल तर लागतो. एकही ग्राहक आला नाही तरी महिन्याला सुमारे ३३ डॉलर.
• डेटाबेस: गर्दीत फंक्शनच्या शेकडो प्रती उभ्या राहतात आणि प्रत्येक प्रत आपलं कनेक्शन उघडते. डेटाबेस गुदमरतो. मग मध्ये कनेक्शन वाटून देणारी प्रॉक्सी बसवावी लागते, तिचंही भाडं.

कोणाला परवडतं?
काम तुटक असेल, तर जरूर घ्या: अपलोड झालेल्या फोटोंचे आकार बदलणं, रात्रीचा अहवाल, पेमेंटची सूचना, किंवा निकालाच्या दिवशी तासाभरात उसळणारी गर्दी. सर्व्हरचे अपडेट, पॅच, रात्रीबेरात्री रीस्टार्ट ही कटकट मिटते. दोन-तीन जणांच्या टीमला हा मोठा दिलासा.

दिवसरात्र एकसारखा भार असेल, तर थांबा. १ जीबीचं एक फंक्शन महिनाभर अखंड व्यस्त राहिलं तर मोफत कोटा न धरता सुमारे ४४ डॉलर होतात. १ जीबीचा छोटा टी३ मायक्रो सर्व्हर महिन्याला आठ डॉलरच्या आत मिळतो. त्याची प्रोसेसर-ताकद बेताची असते, पण एका वेळी अनेक रिक्वेस्ट तो हाताळू शकतो. लॅम्डाची एक प्रत एका वेळी सहसा एकच. खुद्द ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओच्या टीमने २०२३मध्ये व्हिडिओ तपासणीचं एक काम सर्व्हरलेस तुकड्यांतून काढून एकाच प्रोग्रॅममध्ये आणलं आणि खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचं सांगितलं.

आणखी दोन मर्यादा: एक फंक्शन एका वेळी १५ मिनिटांपलीकडे चालत नाही. काही वेळ पडून असेल तर पहिल्या रिक्वेस्टला उठायला उशीर होतो, कधी सेकंदाहून जास्त.

सुरू करण्याआधी
१. फंक्शनला एकाच वेळी किती प्रती चालतील याची मर्यादा घाला. ती फुकट आहे.
२. बजेटचा इशारा लावाच. पण नुसता इशारा मीटर थांबवत नाही आणि तोही काही तास उशिरा येऊ शकतो.
३. लॉगना १४ किंवा ३० दिवसांची मुदत द्या.
४. मुख्य कोड साध्या प्रोग्रॅमसारखा वेगळा ठेवा. उद्या सर्व्हरवर हलवायचा झाला तर सगळं नव्याने लिहावं लागणार नाही.
५. पहिल्या महिन्याच्या बिलात लॅम्डाची ओळ सोडून बाकीच्या ओळी आधी वाचा.